पाथरीचे दोन ढीग

अक्का, तुमच्याविरुद्धचं गाऱ्हाणं मी तुमच्याच हातून टपालात टाकलं.

हे वाक्य लिहायला मला साठेक वर्षं लागली, आणि आता ते वाचायला तुम्ही नाही. असता तरी वाचलं नसतंच म्हणा. अक्षरओळख नव्हती तुम्हाला. माझा सगळा डाव त्यावरच तर उभा होता.

साधं पोस्टकार्ड होतं. उघडं. जळगावात सातवी पास झालेली मी, स्वतःला मोठी शहाणी समजणारी. पण रागाच्या भरात पाकीट घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. त्या कार्डावर मी माझ्या वडिलांना लिहिलं: ‘इथे मला गवत खायला घालतात. म्हशीला टाकतात तोच पाला माझ्या ताटात. मोठी जाऊ स्वतः वांग्याची भाजी खाते आणि मला पाला वाढते. मला घेऊन जा.’ लिहिलं आणि तुमच्या हातात दिलं. तुम्ही तेल आणायला शेटजींच्या दुकानात निघाला होता. साक्रीजवळच्या आपल्या त्या गावात शेटजींचं किराणा दुकान हेच पोस्ट. एका कोपऱ्यात गुळाच्या ढेपा, दुसऱ्या कोपऱ्यात शिक्का आणि लाल पेटी.

"काय लिखं व, धाकली?" तुम्ही विचारलंत.

"खुशाली," मी म्हटलं.

तुम्ही ते कार्ड पदराच्या टोकात बांधलंत, येताजाता तेलाचा हात लागायला नको म्हणून. तीन महिन्यांची बेबी कडेवर घेतलीत आणि निघालात. मी दारात उभी राहून तुमच्या पाठीकडे बघत हसले. खरंच हसले, अक्का. केवढी हुशार मी, असं वाटून.

परवा तुमचं तेरावं झालं. तुमचं वय, नातवंडं-पतवंडं किती, हे सगळं पेपरातल्या चौकटीत छापून आलं. त्या चौकटीत तुमचं नाव मोठ्या टायपात होतं आणि फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापलेला. तुमच्या खांद्यावर एक हात राहून गेला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मला कळलं. बांगड्या माझ्या होत्या. तेराव्याला बुंदी केली होती, गुलाबजामही होते. मी ताटाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आता अक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘एवढं गोड खाईसन जाव का मी?’

तर पाथरी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर हिवाळ्यात ज्वारी-हरभऱ्याच्या वावरात आपोआप उगवणारी, जमिनीला चिकटून पसरणारी भाजी. पान मोडलं की पांढरा चीक येतो. चव कडू. म्हशीला घातली की दूध वाढतं, बाळंतिणीलाही चांगली. माझ्या माहेरी कडू म्हणजे फक्त पाडव्याचा कडुनिंब, तोही गुळात लपवलेला. कारलंसुद्धा आमच्याकडे गूळ-चिंचेत पोहायचं. नाना, म्हणजे माझे वडील, कापसाच्या पेढीवर लिखापढी करायचे. घर पिठाच्या गिरणीसमोर, मला बघायला तुम्ही आला होता तेच. घरात मी एकटी मुलगी, म्हणून ताटात नको असेल ते बाजूला सारायची मला सवय होती आणि माझ्या मते तो माझा हक्क होता.

लग्न होऊन आले ती सन साठ-पासष्टच्या सुमारास. आमचे मास्तर गावच्या शाळेत, तुमचे मालक आणि आबा, म्हणजे आपले सासरे, शेतीत. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे स्वयंपाकघर तुमचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही ओटीभर पाथरी खुडून आणलीत आणि म्हणालात, "आज तू रांध." मग मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे; पण मेले तरी विसरायचे नाही म्हणून पुन्हा सांगते. मी ती भाजी चिरली, मीठ चोळलं, करकचून पिळली. हिरवं पाणी निघालं. पुन्हा मीठ, पुन्हा पिळली. तिसऱ्यांदा तर फडक्यात घालून, पाटावर बसून, दातओठ खाऊन पिळली. सगळं पाणी मोरीत ओतलं. उरलं ते लसणाच्या फोडणीत टाकलं आणि मोठ्या ऐटीत तुमच्यासमोर ठेवलं. ओलं फडकं शिजवल्यासारखं दिसत होतं.

तुम्ही एक घास घेतलात. चावलात. माझ्याकडे बघितलंत, मग मोरीकडे.

"धाकली," तुम्ही म्हणालात, "भाजी ते मोरीमा गयी. हाई काय शे?"

आबा मोठ्याने हसले, मास्तरही हसले. तुम्ही हसला नव्हता. पण माझा राग तुमच्यावर. दुसऱ्या दिवसापासून भाजी तुम्ही केलीत, न पिळता. भिजवलेली तुरीची डाळ, लसूण, मिरची, वरून कच्चं तेल. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर घालून माझ्यासमोर ठेवायचात आणि मी तोंड फिरवायची. तुम्ही म्हणायचात, "खाय व, दोन घास खाय." ते मला तेव्हा छळासारखं ऐकू यायचं. मी भाकरी मिठाशी खायची आणि मोरीजवळ जाऊन रडायची. रोज. त्या रडण्यातनंच एके दिवशी कार्ड निघालं.

आठ दिवसांत नाना आले. बसमधून उतरून थेट घरी, डोक्यावर टोपी, हातात ते कार्ड. अंगणात बाजेवर बसायच्या आधीच त्यांनी ते आबांसमोर वाचलं. मोठ्याने, पेढीवर हुंडी वाचतात तसं. शेजारच्या दोन बायका भिंतीवरून वाकल्या. तुम्ही चुलीजवळ होता. हाताला पीठ, बेबी मांडीवर. ‘मोठी जाऊ स्वतः वांग्याची भाजी खाते’ हे वाक्य आलं तेव्हा मी खांबामागे उभी होते. त्या वाक्यातलं एक अक्षर खरं नव्हतं, अक्का. त्या महिन्यात घरात वांगं आलंच नव्हतं. पाला एकटा पुरेसा वाईट वाटेना, म्हणून मी वांगं घातलं. फोडणी दिली म्हणा.

तुम्ही बाहेर आलात. नानांना वाकून नमस्कार केलात. मग आबांना म्हणालात, "मना हातनी भाजी कडू शे, आबा, हाई खरं शे." बस, एवढंच. वांग्याचं नावसुद्धा नाही. मग आत जाऊन चहा ठेवलात.

आबा अपमानाने लाल झाले होते. पाहुण्यासमोर काहीतरी करून दाखवायला हवं, म्हणून त्यांनी तुम्हाला ओरडून सांगितलं की उद्यापासून हा पाला या घरात शिजता कामा नये. तुम्ही आतून "बरं" म्हणालात. नाना मला न्यायला आले होते. पण आबांचा हुकूम ऐकून त्यांचं समाधान झालं. दोन दिवस राहून, लाडकी लेक जिंकली म्हणून तेही खूश होऊन गेले. जाताना मला कार्ड दाखवत म्हणाले, "पोरी, पत्त्यावर नुसतं नाव आणि जळगाव लिहून मोकळी झालीस! पोस्टातला कुणी शहाणा म्हणून पोचलं हे." खाली जांभळ्या पेन्सिलीने, वेगळ्या हाताने लिहिलेलं होतं: ‘पिठाच्या गिरणीसमोर, दोन ओट्यांचं घर, दारात पपई.’

मी कितीतरी वर्षं टपालखात्याचं कौतुक करत असे. नातवंडांनासुद्धा सांगितलंय: आमच्या काळी पोस्टाला माणसांची झाडंपण माहीत असायची.

आणि मग घरात पाथरी बंद झाली. तुम्ही बाळंतीण, अंगावर पिणारी पोर. पंधरा-वीस दिवसांत तुमचं दूध कमी व्हायला लागलं. बेबी किरकिर करायची. तुम्ही म्हशीच्या दुधात पाणी घालून बोंडल्याने पाजायला लागलात. मी ते बघत होते, पण दोन गोष्टी एकत्र जोडायची मला गरज वाटली नाही. माझ्या ताटात बटाटे येत होते ना. एकदा मी तुम्हाला शोधत वावरात आले. तुम्ही बांधापलीकडे, ज्वारीच्या आडोशाला उकिडव्या बसला होता. हातात कोरडी भाकरी, पदरात उपटलेली पाथरी, कच्चीच खात होता. भरभर. मला पाहिलंत आणि पदराने तोंड पुसलंत, चोरी पकडली गेल्यासारखं.

घरी येऊन मी मास्तरांना सांगितलं, "तुमच्या वहिनी म्हशीसारख्या चरत होत्या."

ते हसले नाहीत. मीच हसले. त्या हसण्याचा आवाज अजून ऐकू येतो मला, आणि त्या पोरीचे कान उपटावेसे वाटतात. पण ती पोर आता सापडणार कुठे? तिचे कान माझ्याच डोक्याला लागलेत, आणि त्यांना ऐकूही कमी येतं.

पुढे मास्तरांची बदली धुळ्याला झाली. सात-आठ वर्षं गेली. मला दुसरं मूल झालं तेव्हा माझी आई राहिली नव्हती. ‘मला घेऊन जा’ म्हणून जिथे लिहिलं, त्या घरात आता बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. मास्तरांनी गावी निरोप पाठवला आणि तुम्ही आलात. हातात ट्रंक आणि एक ओलं फडकं गुंडाळलेलं बोचकं. मी विचारलं, "यात काय?" तुम्ही म्हणालात, "मनं शे," आणि ते माठामागे सारलंत.

दहा-बारा दिवस मला शिरा, डिंकाचे लाडू, तूप, खीर. तोंड गोडाने इतकं बुळबुळीत झालं की थुंकी गिळवेना. एक दिवस दुपारी उठले. तुम्ही स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून बसला होता. अगदी त्या बांधापलीकडच्यासारख्या. हातात भाकरी, पानात चिरलेली पाथरी, कांदा, मीठ, तेल. वास आला मला. काय सांगू, अक्का, तोंडाला पाणी सुटलं. ज्या भाजीचं नाव काढलं तरी मी रडायची, तिच्या वासाने.

"अक्का, मला द्या थोडं."

तुम्ही दचकला. पान झाकलंत. मग माझ्याकडे नीट बघितलंत आणि चेहरा जराही न हलवता म्हणालात, "नको व माय. तुना बाप येई."

मी बाजेला धरून हसले, बाळ दचकून रडायला लागेपर्यंत हसले. तुम्हीही हसलात, पदर तोंडात कोंबून. त्या गोष्टीबद्दल तुम्ही काढलेलं ते पहिलं वाक्य आणि शेवटचंही. दार एवढं उघडं करून दिलंत तुम्ही. मला फक्त म्हणायचं होतं, ‘अक्का, त्या कार्डात मी खोटं लिहिलं होतं, आणि तुम्हाला वाचता येत नाही म्हणूनच तुमच्या हाती दिलं होतं.’ मी काय म्हटलं? "कांदा बारीक चिरलाय छान."

पहिल्या घासाला मला पाथरी आवडली, असं काही सांगणार नाही. कडू ते कडूच. घशापाशी जाऊन बसली. तुम्ही म्हणालात, "गिळू नको. चाव. पह्यले भाकर चाव, मंग पाला." चावलं. आधी नुसतं गवत लागलं. मग कळण्याच्या भाकरीतला उडीद पुढे आला, मग मीठ, आणि सगळं संपल्यावर मागून तो कडूपणा आला, सावकाश. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे केलात. "आते पानी पी." ते पाणी गोड लागलं. साधं धुळ्याच्या नळाचं पाणी. मी तांब्यात डोकावून बघितलं. तुम्ही म्हणालात, "काही नही टाकं व त्यामा."

चार दिवस मी दोन-दोन घास खाल्ले, औषधासारखे. पाचव्या दिवशी मागून घेतलं. आठव्या दिवशी तुमच्या ताटातलं उचललं आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत.

ती चापट का मारलीत ते त्याच संध्याकाळी कळलं. तुम्ही गावाहून मागवलेली नवी जुडी निवडायला बसला होता, मी शेजारी. तुम्ही दोन ढीग करत होता. आतली कोवळी, पोपटी पानं एका बाजूला; बाहेरची रुंद, काटेरी कडांची, जास्त कडू पानं दुसऱ्या बाजूला. मी विचारलं, "दोन कशाला?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कवळं तुले, निबर माले. पह्यलेपाईन तसंच शे."

पहिल्यापासून. म्हणजे त्या हिवाळ्यातही. मी मोरीजवळ रडत होते तेव्हाही माझ्या ताटात कोवळं होतं आणि तुमच्या ताटात, त्या वांग्याच्या जागी, निबर. दूध उतरायला तुम्हाला हवं होतं ते, आणि चांगलं तेवढं तुम्ही माझ्यासाठी बाजूला काढत होता. ‘खाय व, दोन घास खाय’ म्हणत.

मला त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. पण धुळ्याच्या त्या भाड्याच्या घरात शहाबादी फरशी होती, ती कसली दुभंगते. मी दोन्ही ढीग एकत्र कालवून टाकले. तुम्ही ओरडलात, "येडी शे का?" आणि पुन्हा निवडायला बसलात.

त्यानंतर दर हिवाळ्यात तुमची जुडी यायची, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, ओल्या फडक्यात. आणि दर हिवाळ्यात आपलं एक भांडण. मी डाळीत चिमूटभर गूळ टाकायची. माहेरची खोड, गेली नाही. तुम्ही आलात की पातेल्याचं झाकण काढून वास घ्यायचात. "गुय टाका का व?" मी म्हणायची, "चिमूटभर." तुम्ही म्हणायचात, "गुय टाकना शे ते शिराच कर ना!" ते भांडण मिटलं नाही. खरं सांगते, गूळ मी पुढे पुढे सोडला होता. तरी तुम्ही विचारलंत की "टाकलाय" म्हणायची, तुम्ही चिडाव्यात म्हणून. एवढं खोटं मात्र मी लाजेशिवाय बोलले.

मोठ्या खोट्याचं तसं नव्हतं. ते सांगायला मी कितीदा ठरवून आले! बेबीच्या लग्नात ठरवलं, पण मांडवात गर्दी. आबा गेले तेव्हा ठरवलं, पण ती वेळ नव्हती. गेल्या दिवाळीत तर तुमच्या खाटेपाशी तासभर बसले. तुम्हाला दिसत कमी होतं, तुम्ही माझा हात चाचपून म्हणालात, "धाकली, बांगड्या ढिल्या व्हई गयात तुन्या." मी म्हटलं, "हो." आणि बांगड्यांबद्दलच बोलत राहिले. सातवी पास बाई. शब्द कधी कमी पडले नाहीत मला, पाहिजे तेवढेच नेमके अडायचे.

काल सकाळी बेबीबरोबर वावरात गेले होते. पहूरला दिलेली तुमची बेबी. साठीला आली तरी बेबीच. ज्वारीत पाथरी होती, बांधाच्या कडेने. आम्ही दोघी म्हाताऱ्या गुडघे धरून वाकलो आणि ओटीभर खुडली. मग बांधावर बसून बेबी निवडायला लागली. न बघता, न विचारता, दोन ढीग. आणि कोवळा ढीग माझ्याकडे सरकवला.

"मला निबर दे," मी म्हटलं, आणि रडायला लागले. मग जे तुम्हाला सांगायचं होतं ते तुमच्या लेकीला सांगितलं. कार्ड, खुशाली, वांगं, सगळं. तुझं दूध माझ्यामुळे तुटलं, हेही सांगितलं. मान वर करायची हिंमत नव्हती. देठाचा चीक बोटांना लागून काळा पडला होता, तोच खरवडत बसले.

बेबीने एक पान तोंडात टाकलं. चावून झाल्यावर म्हणाली, "काकू, तिला दुकानातच कळलं होतं. पत्ता अर्धा होता, म्हणून कार्ड कुणाला आहे ते बघायला शेटजींनी वाचलं, तिला ऐकू जाईल असं. मग म्हणाले, अक्का, यात तुमची बदनामी आहे, फाडून टाकतो. मला आईनं शपथ घातली होती, ती असेतो काकूला सांगायचं नाही म्हणून. तेव्हा दुकानात काय म्हणाली होती ती, सांगू? म्हणाली, ‘फाडू नका, शेटजी. पोर रोज रडस. बाप येई ते दखी जाई तिले. पत्ता पुरा नही का? मी सांगस, लिखी ल्या.’"